रकाना एकच असतोय की

एका सभासदाच्या दोन म्हशींनी एका सकाळी ३४ लिटर दूध दिलं, अशी नोंद एका दूध संघासाठी आम्ही केलेल्या सॉफ्टवेअरच्या सर्व्हरवर झाली. सभासद क्रमांक, तारीख, सकाळचं सत्र, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), सगळं जिथल्या तिथे. फक्त दूध चौपट. केंद्रावर त्यानं घातलं होतं साडेआठ लिटर.

ही गोष्ट २०१७ च्या पावसाळ्यातली. झड लागली की त्या भागात वीज जायची, आणि वीज गेली की थोड्या वेळानं मोबाइलचा टॉवरही मान टाकायचा. संकलन केंद्रावरच्या मुलाच्या फोनमध्ये आमचं अ‍ॅप होतं. तो आकडे भरायचा, 'पाठवा' दाबायचा आणि फिरणारं चक्र बघत बसायचा. दहा सेकंदांत उत्तर आलं नाही तर अ‍ॅप आपणहून तीच नोंद पुन्हा पाठवायचं. गंमत अशी, की नोंद पहिल्याच खेपेला आमच्यापर्यंत पोचलेली असायची. परतीच्या वाटेवर हरवायचं ते उत्तर. आम्ही मात्र दर खेपेला नव्यानं दूध आल्यासारखं लिहून घ्यायचो.

चूक उघडकीला आली ती दहा दिवसांचं बिल निघाल्यावर. आणि आणली ती त्या सभासदानंच. केंद्रावर येऊन म्हणाला, "मॅडम, माझ्या म्हशी एवढं दूध देत्यात हे मलाच ठाऊक नव्हतं."

सगळे हसले. मीही हसले. पण परतीच्या गाडीत बसल्यावर हसू टिकलं नाही, कारण हे काम सुरू करण्याआधी आम्ही तब्बल तीन आठवडे सर्व्हरचा प्रोग्राम लिहायचं 'योग्य साधन', म्हणजे फ्रेमवर्क, निवडण्यात घालवले होते.

त्या तीन आठवड्यांचं वर्णन करायलाच हवं. पाच जणांची टीम. दोघं जावावाले, एक पायथनवाला, एक नुकताच कॉलेजातून आलेला आणि नोड (सर्व्हरवर चालणारं जावास्क्रिप्ट) सोडून दुसरं काही खरं न मानणारा, आणि मी. जावाचं स्प्रिंग बूट, पायथनचं फ्लास्क, नोडचं एक्स्प्रेस अशी तीन स्थळं सांगून आलेली. मी एक एक्सेलची शीट केली. वेग, कागदपत्रं, शिकायला किती दिवस, माणसं मिळतात का, सुरक्षितता, असे पंधरा-सोळा रकाने, प्रत्येकाला भारांक, खाली बेरीज. पत्रिका जुळवावी तसे गुण जुळवत होतो. पहिल्या बेरजेत एक्स्प्रेस थोडक्यात पुढे निघालं. मग आम्ही 'टीमला आधीपासून येतं का' याचा भारांक वाढवला आणि स्प्रिंग बूट जिंकलं. म्हणजे निर्णय आधी झाला होता, शीट नंतर त्याच्या मागून चालत आली. अशा बहुतेक शीट अशाच चालतात असं माझं मत आहे, आणि त्यात फार वाईट काही नाही. रात्री दोन वाजता सर्व्हर पडला तर उठून बघणाऱ्याला जे वाचता येतं ते साधन बरं.

वाईट होतं ते दुसरंच. त्या पंधरा-सोळा रकान्यांत 'उत्तर हरवलं तर काय' हा प्रश्न कुठेच नव्हता.

माझ्या पिढीचं शिक्षण या बाबतीत थोडं विचित्र झालं. मी २००९ मध्ये हिंजवडीत कामाला लागले तेव्हा वेब सर्व्हिस (प्रोग्रामांनी नेटवरून एकमेकांशी बोलायची सोय) म्हणजे सोप. अंघोळीचा नव्हे. एक्सएमएलचं, म्हणजे खुणांत बांधलेल्या मजकुराचं, पाकीट, त्या पाकिटात हेडर, मग बॉडी, आणि बॉडीत शेवटी कुठेतरी एक इवलासा आकडा, ज्यासाठी हा सगळा लवाजमा. डब्ल्यूएसडीएल नावाची लांबलचक फाइल यंत्राला खायला घातली की ते जावाचे वर्गच्या वर्ग बाहेर टाकायचं. ते कुणी वाचायचं नाही. फाइलमध्ये एक शब्द बदलला की सगळं पुन्हा जन्माला घालायचं. आम्ही त्याला शिव्या द्यायचो. आता मागे वळून बघताना वाटतं, एका बाबतीत तरी आमचा अन्याय झाला. त्या फाइलमध्ये करार लिहिलेला असायचा. कुठलं फील्ड सक्तीचं, कुठलं ऐच्छिक, आकडा की अक्षरं, सगळं. एखाद्या फील्डचं नाव किंवा प्रकार चुकला तर प्रोग्राम चालवायच्या आधीच यंत्र ओरडायचं.

मग रेस्टचं, म्हणजे वेबच्याच साध्या पत्त्यांवरून बोलायच्या रीतीचं, वारं आलं, आणि ते आलं सुटकेसारखं. ब्राउझरमध्ये पत्ता टाका, उत्तर समोर. अ‍ॅमेझॉननं आपली सर्व्हिस सोप आणि रेस्ट अशी दोन्ही दारांनी उघडी ठेवली होती, तेव्हा २००३ मध्येच त्यांच्याकडून सांगितलं गेलं होतं की ८५ टक्के वापर रेस्टच्या दारानं होतो. लोकांना सोपं ते हवं होतं. (सोपपेक्षा सोपं. हा विनोद आमच्या ऑफिसात तेव्हाच झिजून गेला होता.)

सुटकेच्या भरात एक्सएमएलबरोबर आम्ही तो करारही फेकून दिला. जेसन, म्हणजे 'नाव: किंमत' अशा जोड्यांचा साधा मजकूर, पाठवायचं, समोरच्यानं अंदाजानं वाचायचं. पुढे काही वर्षांनी तोच करार स्वॅगरच्या रूपात परत आला. २०११ मध्ये सुरू झालेलं हे काम पुढे लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेलं आणि २०१६ पासून त्याला ओपनएपीआय म्हणू लागले. सासूबाईंची जुनी फोडणीची पळी भंगारात देऊन दोन वर्षांनी तशीच दुकानातून आणावी, तसं झालं.

ही रेस्टची कल्पना ज्यानं मांडली त्या रॉय फील्डिंगचा प्रबंध मी वाचला तो फार उशिरा, २०१२ च्या सुमारास, आणि तोही सगळा नाही. २००० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत त्यानं तो सादर केला. हा माणूस त्याआधी एचटीटीपी १.१, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर एकमेकांशी बोलतात त्या रीतीच्या, नियमावलीवर काम केलेला, अपाची वेब सर्व्हरच्या संस्थापकांपैकी एक. त्यामुळे पाचव्या प्रकरणात तो रेस्टबद्दल बोलतो तेव्हा एखादं नवं यंत्र विकायला आल्यासारखं बोलत नाही. चालत्या वेबकडे बघून तो विचारतो, हे एवढं पसरलं आणि तरी कोसळलं कसं नाही? सुरुवात करतो ती 'कुठलंच बंधन नाही' इथून. मग एकेक बंधन घालत जातो. मागणारा आणि देणारा वेगळे. देणाऱ्यानं मागच्या भेटीचं काही लक्षात ठेवायचं नाही. उत्तर साठवून ठेवता येईल की नाही ते उत्तरावरच लिहायचं. सगळ्यांशी बोलण्याची रीत एकच. मध्ये कितीही थर आले तरी एकाला फक्त शेजारचा दिसावा. प्रत्येक बंधनानं काय मिळतं आणि काय गमावतं, दोन्ही तो सांगतो. जेसनचा त्यात उल्लेख नाही, ते नावच नंतरचं. जर्सी (जावाचंच आणखी एक फ्रेमवर्क) नाही, स्प्रिंग नाही. एक्सेल शीटमध्ये गुण द्यावेत असं काहीच नाही.

आणि आम्ही रेस्ट म्हणत होतो ते काय? जेसन, छान दिसणारे पत्ते, आणि गेट-पोस्ट, म्हणजे मागणं आणि पाठवणं. खुद्द फील्डिंगनं २००८ मध्ये वैतागून लिहिलं होतं की एचटीटीपीवर चालणाऱ्या कुठल्याही गोष्टीला लोक रेस्ट म्हणत सुटलेत. त्याच्या मते उत्तरातच पुढच्या वाटांचे दुवे हवेत. एका दारातून आत शिरल्यावर बाकीचं घर त्या दुव्यांनी दिसायला हवं. खरं सांगायचं तर तसा संपूर्ण एपीआय (एका प्रोग्रामनं दुसऱ्या प्रोग्रामांसाठी उघडलेली खिडकी) मी आजवर एकही केलेला नाही. यादीच्या पहिल्या पानात दुसऱ्या पानाचा दुवा देते, तेवढ्यावर माझी भक्ती संपते.

सभासदाच्या म्हशींकडे परत येते.

त्या रात्री मी अण्णांना फोन केला. अण्णा, म्हणजे माझे वडील, वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावच्या दूध संस्थेत २६ वर्षं सचिव होते. माझी कामातली फजिती ऐकायला त्यांना आवडतं. ३४ लिटरचा किस्सा सांगितला तर ते हसलेच नाहीत. म्हणाले, "पण दोनदा लिहिलंच कसं? रकाना एकच असतोय की."

मला आधी कळलं नाही. मग ते त्यांची वही सांगायला लागले. मला ती वही डोळ्यांसमोर दिसत होती, कारण लहानपणी सुट्टीत मी तिच्यावर रेघा मारून दिलेल्या. आडवी लांब वही, डावीकडे सभासद क्रमांक आणि नाव, वर तारखा, प्रत्येक तारखेखाली दोन घरं, सकाळ आणि संध्याकाळ. गाय आणि म्हैस यांची पानं वेगळी. ४१२ नंबरचा माणूस सकाळी आला की त्याच्या ओळीतून बोट सरकवत आजच्या सकाळच्या घरापर्यंत जायचं आणि तिथे लिहायचं. तोच माणूस पाच मिनिटांनी परत आला, "अण्णा, माझं लिहिलं का?" तर काय करायचं?

"वही बघून सांगायचं, लिहिलंय बाबा तुझं. परत लिहायचं कशाला?"

"आणि तो खरंच दुसरी किटली घेऊन आला तर?"

"मग त्याच घरात अधिक करून लिहायचं, आणि कार्डावर सही. न्हाईतर महिनाअखेरीला भांडण."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ पडवीत बसून राहिले. ज्याला आम्ही आयडेम्पोटंट म्हणतो, म्हणजे तीच गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी परिणाम एकदाच व्हावा, तो गुण अण्णांच्या वहीत रेघा मारतानाच आलेला होता. कुणी तो वेगळा घातला नव्हता. कागदावर प्रत्येक दुधाला जागा ठरलेली होती, पत्ता होता. आम्ही तो पत्ता काढून टाकला आणि त्या जागी एक पेटी ठेवली, 'दूध आलं की चिठ्ठी यात टाका.' पेटीला काय कळणार, ही चिठ्ठी नवी की मघाचीच?

एचटीटीपीत हा फरक जुनाच आहे. पोस्ट म्हणजे ती पेटी. पुट म्हणजे ते घर: या पत्त्यावर हे ठेव. 'पंखा दोनवर ठेव' असं कुणाला तीनदा सांगितलं तर पंखा दोनवरच राहतो. 'पंखा एकनं वाढव' असं तीनदा सांगितलं तर घरातली वर्तमानपत्रं उडतात. पहिल्याला पुट म्हणा, दुसऱ्याला पोस्ट. डिलीटही पहिल्या जातीचं. गेलेली वस्तू दुसऱ्यांदा काढायला सांगितली तरी ती गेलेलीच राहते. आणि गेट म्हणजे नुसतं बघणं. बघितल्यानं काही बदलता कामा नये.

बघण्याचा हा नियम मोडला की काय होतं, याचं एक गाजलेलं उदाहरण २००५ मधलं आहे. गूगलनं वेब अ‍ॅक्सिलरेटर नावाचं एक साधन काढलं. तुम्ही पान वाचत असताना ते त्या पानावरचे दुवे आधीच उघडून ठेवायचं, म्हणजे पुढचा क्लिक झटकन उघडावा. कल्पना चांगली. पण थर्टीसेव्हन सिग्नल्स या कंपनीच्या बॅकपॅकसारख्या काही सेवांमध्ये 'हे काढून टाका' हासुद्धा एक साधा दुवाच होता, म्हणजे गेट. त्या साधनानं भाबडेपणानं तोही उघडून बघितला, आणि लोकांची पानं नाहीशी होऊ लागली. चूक कुणाची यावर तेव्हा बरीच भांडणं झाली. मला विचाराल तर अ‍ॅक्सिलरेटरनं फक्त पाटी वाचली होती. पाटीवर 'बघा' लिहिलं होतं.

आम्ही दुरुस्ती केली ती अशी. फोननंच प्रत्येक मापाला पावती क्रमांक द्यायचा: केंद्र, तारीख, सत्र, सभासद, गाय की म्हैस, आणि त्या सत्रातली त्याची कितवी किटली. हा सगळा मिळून पत्ता. त्या पत्त्यावर पुट. एचटीटीपीच्या प्रत्येक उत्तरावर तीन आकडी स्टेटस कोड असतो: नव्यानं लिहिलं गेलं तर सर्व्हर २०१ म्हणेल. तीच नोंद पुन्हा आली तर वहीत बघून २०० म्हणेल, 'लिहिलंय बाबा तुझं.' त्याच पत्त्यावर वेगळा आकडा आला तर ४०९ देऊन थांबेल, कारण ती दुरुस्ती आहे आणि दुरुस्तीला सही लागते. स्प्रिंग बूटमध्ये हे करायला दीड दिवस लागला. फ्लास्कमध्येही दीडच लागला असता, एक्स्प्रेसमध्येही. तीन आठवडे ज्यावर घालवले त्याचा या दीड दिवसाशी काही संबंध नव्हता.

अण्णांच्या संस्थेतली दुसरी गोष्ट म्हणजे दुधाचं कार्ड. प्रत्येक सभासदाकडे एक. त्यावर नाव, क्रमांक आणि रोजचा लिटर-फॅटचा हिशेब. अण्णा लग्नाबिग्नाला गेले की त्यांच्या जागी कुणाचा तरी बारावीतला पोरगा बसायचा. त्याला गावातलं अर्धं कुणी ओळखीचं नसे, आणि तरी काम अडत नसे. कार्ड पुढे केलं की पुरे. पोराला कालचं काही आठवायची गरज नव्हती, जे लागेल ते येणाऱ्याच्या हातात होतं.

यालाच स्टेटलेस म्हणतात हे मला आधी उमगलं असतं तर २०११ ची एक दिवाळी वाचली असती. तेव्हा आमच्या एका कामात लॉगिनची माहिती सर्व्हर स्वतःच्या डोक्यात ठेवायचा. सर्व्हर एक होता तोवर झकास. दिवाळीच्या गर्दीसाठी दुसरा जोडला आणि लोक फटाफट बाहेर फेकले जाऊ लागले, पहिल्यानं ओळखलेलं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या खिडकीवर गेलं की तो म्हणे, "आपण कोण?" मग एका माणसाला एकाच खिडकीवर चिकटवून ठेवायची जुगाडं केली. फराळ ऑफिसातच झाला. दर वेळी कार्ड दाखवायचं म्हणजे दर रिक्वेस्टबरोबर तीच ती माहिती वाहायची, हा त्याचा तोटा फील्डिंगनं प्रबंधात लिहूनच ठेवलाय. पण खिडक्या कितीही वाढवता येतात.

साधनाचा काहीच फरक पडत नाही असं मात्र माझं म्हणणं नाही. ते खोटं होईल. काही साधनं तुमच्या आणि एचटीटीपीच्या मध्ये एवढ्या गाद्या घालतात की खालची फरशी लागतच नाही. मी आता नवं फ्रेमवर्क बघायला घेतलं की पहिल्या तासात चार-दोन वेडेवाकडे प्रयोग करते. स्टेटस कोड मला हवा तो देता येतो का? चुकीचं जेसन पाठवलं तर ते माझ्या भाषेत रागावतं की स्वतःच्या आतड्यांचा फोटो काढून पाहुण्याला दाखवतं? अर्धी रिक्वेस्ट पाठवून मी गप्प बसले तर ते किती वेळ वाट बघतं? जर्सी मला आवडायचं ते एवढ्यासाठीच. ते जावाच्या जॅक्स-आरएस नियमांवर चालायचं, आणि त्या नियमांमध्ये गेट, पुट, पत्ता हे शब्द जसेच्या तसे वर दिसायचे, झाकलेले नव्हते. फ्लास्क आवडतं कारण ते आपण लहान आहोत हे लपवत नाही. (ते मुळात २०१० च्या एक एप्रिलच्या थट्टेतून जन्माला आलं, हे कळल्यावर जास्तच आवडलं.) २०१८ च्या अखेरीस आलेल्या फास्टएपीआयनं तर करार आणि कोड यांची ताटातूटच संपवली, प्रकार लिहा, ओपनएपीआयचं कागदपत्र आपोआप. आज एकटीनं छोटं काम सुरू करायचं असेल तर मी डोळे मिटून तिकडे जाईन.

एपीआय तपासायला पोस्टमन हा प्रोग्राम बहुतेकांकडे असतो. बेंगळुरूतल्या एका तरुणानं २०१२ मध्ये क्रोमचं छोटं जोडसाधन म्हणून तो केला होता. पण भांडण मिटवायचं असेल तर मला कर्लची, म्हणजे टर्मिनलवरून रिक्वेस्ट पाठवायच्या आज्ञेची, एक ओळ पुरते. "तुमच्याकडे चालतंय, आमच्याकडे नाही" या वादात ती एक ओळ दोन्हीकडे चालवून बघायची. शब्द संपतात.

आता २०० बद्दल, कारण हे माझं जुनं दुखणं आहे. दूध बिलाचे पैसे सभासदांच्या खात्यात टाकायला एका बँकेचा एपीआय वापरायचा होता. तो काहीही झालं तरी २०० द्यायचा. पैसे गेले, २००. खातं बंद, २००. त्यांचाच सर्व्हर आतून कोसळला, तरी वर २०० आणि आत पोटात कुठेतरी 'फेल्ड'. दिवसभर आमचा देखरेखीचा आलेख हिरवागार, आणि संध्याकाळी केंद्रांवरून फोन, पैसे आले नाहीत. बँकेतला माणूस नम्रपणे म्हणाला, "मॅडम, रिस्पॉन्स तर सक्सेसच जातोय." पाकिटावर 'शुभवार्ता' असं लिहून आत मयताची चिठ्ठी घालावी तसा प्रकार. पाकीट फक्त आपणच वाचत नाही. मधले प्रॉक्सी, म्हणजे निरोप पुढे पोचवणारे सर्व्हर, वाचतात, मोजणारी यंत्रं वाचतात, पुन्हा पाठवायचं की नाही ठरवणारी लायब्ररी वाचते. ५०३ (आत्ता जमत नाही) दिसलं तर ती थोडं थांबून परत जाते, ४०० (तुमचंच मागणं चुकलंय) दिसलं तर जात नाही. सगळ्यांना २०० दाखवलं तर ती बिचारी आनंदात घरी जाते.

आमच्या टीममधल्या नोडवाल्या मुलानं एकदा 'दूध नासलेलं आहे' यासाठी ४१८ परत पाठवलं होतं. ४१८ हा १ एप्रिल १९९८ च्या गमतीच्या नियमावलीतला कोड: मी चहाची किटली आहे, माझ्यात कॉफी होणार नाही. मी रागावले, पण तो कोड चाचणीच्या सर्व्हरवर आठवडाभर तसाच राहू दिला.

मराठीत काम करताना आणखी काही खड्डे लागतात, ज्यांबद्दल इंग्रजी लेखांत चकार शब्द नसतो. सुरुवातीला कुणीतरी सुचवलं, पत्त्यातच गावाचं नाव घालू या, वाचायला छान. घातलं. 'सांगली' या शब्दात काना, अनुस्वार, वेलांटी धरून सहा चिन्हं. यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये साठवायची रीत) मध्ये प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे १८. पत्त्यात जाताना प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासकट तीन अक्षरं खातो. झाली ५४ अक्षरं, एका सांगलीची. ब्राउझर ते नीट करून दाखवतो, पण लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या दुव्यात टक्क्यांची नुसती रांग. पत्त्यात क्रमांक आणि नाव आत, असं मग ठरलं.

त्याहून वाईट निघाला तो ऱ्ह. कऱ्हाडकर आडनावाचे सभासद शोधले तर अर्धेच सापडायचे. पडद्यावर सगळे कऱ्हाडकर हुबेहूब सारखे. शेवटी बाइट उघडून बघितले. काही कीबोर्ड खरा ऱ टाकतात आणि त्याला हलंत जोडून ह. काही साधा र टाकतात, मग हलंत, मग एक अदृश्य जोडचिन्ह, मग ह. डोळ्याला एक, यंत्राला दोन वेगळी माणसं. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करायची क्रिया, चालवलं तरी हे दोन एक होत नाहीत. तो नियम हातानं लिहावा लागला. 'शेतकऱ्यांची यादी' हे शब्दसुद्धा दोन तऱ्हांनी लिहिता येतात, आणि हा प्रश्न शेतकऱ्यांच्याच कामात यावा, यात काहीतरी काव्य आहे.

आकड्यांचंही तेच. बँकेचा खाते क्रमांक आम्ही जेसनमध्ये आकडा म्हणून पाठवला. सुरुवातीची शून्यं गळाली. जावास्क्रिप्टच्या साध्या आकड्याला तर ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढचे बरेच पूर्णांक नेमके धरता येत नाहीत, शेवटचा अंक गुपचूप बदलतो. ट्विटरलाही २०१० मध्ये आपले क्रमांक अक्षरांच्या रूपात वेगळे द्यावे लागले ते याच भानगडीमुळे. तेव्हापासून मी नव्या मुलांना एवढंच विचारते: याची कधी बेरीज करणार आहेस? नाही ना, मग तो आकडा नाही, ते नाव आहे. अवतरणचिन्हात घाल.

२०१९ च्या सुमारास ग्राफक्यूएलची, म्हणजे मागणाऱ्यानं हवं तेवढंच निवडून मागायच्या रीतीची, लाट आमच्यापर्यंत आली. फेसबुकनं ते २०१५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं होतं. संघाच्या व्यवस्थापकांच्या अहवालाच्या पडद्यासाठी आम्ही ते वापरलं, कारण प्रत्येकाला वेगळंच काहीतरी एकत्र बघायचं असतं. दूध घेण्याच्या खिडकीवर कुणी तऱ्हेतऱ्हेचं मागत नाही. तिथे पुटच राहिलं.

२०२१ मध्ये ती खिडकी आम्ही स्प्रिंग बूटमधून उचलून गो भाषेत नव्यानं लिहिली. ज्या साधनासाठी तीन आठवडे भांडलो ते एका शनिवारी रात्री बंद झालं. रविवारी सकाळच्या सत्रात केंद्रांवर कुणाला काही कळलंसुद्धा नाही. पत्ते तेच होते. म्हणजे त्यातली चूकही तीच. 'कलेक्शन' या इंग्रजी शब्दातला एक एल २०१७ मध्ये घाईत माझ्याच हातून गळलेला आहे. दुरुस्त करायचा म्हणजे केंद्रांवरचे सगळे फोन बदलायचे. एचटीटीपीमध्ये 'रेफरर' या शब्दातला एक आर असाच नव्वदच्या दशकात गळला आणि आजही जगभर तसाच चालतो, यावर मी स्वतःचं समाधान करून घेते.

गेल्या श्रावणात एका केंद्रावर गेले होते. पाऊस, वीज नाही, इन्व्हर्टरवर एक दिवा. काउंटरवरची मुलगी नवी होती, मला ओळखत नव्हती. तिनं एका म्हाताऱ्या आजोबांची किटली मापली, आकडे भरले, 'पाठवा' दाबलं. चक्र फिरायला लागलं. तिनं पुन्हा दाबलं. मग लिफ्टचं बटण दाबावं तसं आणखी तीनदा. आजोबा कार्ड हातात धरून शांत उभे. मी कोपऱ्यात उभी राहून फोनवर लॉग उघडला. एल गळलेला तोच पत्ता, एकाखाली एक पाच ओळी. पहिलीपुढे २०१, बाकी चारांपुढे २००.

"गेलं का गं?" आजोबांनी विचारलं.

"नेट नाही, आजोबा," ती म्हणाली, आणि सहाव्यांदा दाबलं.